अर्धं सांगितलेलं

माझी बायको हिरा फोनला काही विचारायची, तर आधी स्वतःची ओळख द्यायची. एका बोटानं एकेक अक्षर दाबत, मोठ्यानं बोलत. "मी हिराबाई. वय चोपन्न. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतेय. इंग्रजीत कच्ची हाय." मी ओटीवरून ओरडायचो, "सोयरीक जुळवतेस का गो त्याच्याशी?" ती मान वर करत नसे.

मी चौथी शिकलेला. तिला बापानं आठवीतून काढली आणि दोन वर्षांनी माझ्या घरात आणून टाकली. लेकीनं फोन दिला, त्यातला उत्तरं देणारा एआय दाखवला, तेव्हा हिरा म्हणाली, "मरायच्या आधी दहावी व्हनार."

एकदा भातशेतीवर निबंध होता. तिनं लिहिलं, राबावर चार ओळी दे. त्यानं दिल्या : शेतकरी दिवसरात्र राबतो, घाम गाळतो. आमच्याकडं पेरणीआधी पालापाचोळा, शेण अंथरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. मी म्हणालो, "बघ तुझा मास्तर! येडा हाय." तिला हसून हसून ठसका लागला. मग म्हणाली, "त्याचा काय दोष? सांगणाऱ्यानं अर्धं सांगितलं, की ऐकणारा येडाच ठरतो."

पुन्हा लिहायला बसली. 'मी मुरबाड तालुक्यातली,' इथपासून सुरुवात केली. आमचा राब म्हणजे काय, ते सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, "निबंध देऊ नको. मी लिहिते, चुका तेवढ्या दाखव." फुकट मिळतंय ते घेत नाही, हे बघून मला तिचा रागच आला. तर म्हणते, "पेपरात तो येनार हाय का माझ्या बाजूला बसायला?"

एक दिवस तिनं काय लिहिलं ते मी वाचलं. 'घरात विचारायला कोणी नाय.' माझं डोकं फिरलं. "मी काय मेलोय का?"

"तुमाला गनित विचारलं, तर काय म्हनालात? 'भाकर करपली ती बघ.'"

मग इतिहासाचे दहा प्रश्न तिनं एआयकडून काढून घेतले, उत्तरं नको म्हणून बजावून, आणि फोन माझ्या हातात दिला. "तुमी विचारा." मी विचारले. तिसरं उत्तर चुकलं, तिनंच पुस्तकात बघून सांगितलं. मी एवढा हसलो, की शेजारचे गडी कुंपणावरून डोकावले. तिनं फोन काढून घेतला. पुन्हा कधी दिला नाही.

पेपर मुरबाडला होते. आमच्या धसईहून एसटीनं एकटी जायची. निकाल लागला तेव्हा मी गोठ्यात होतो. दारात येऊन म्हणाली, "अवो, पास झाले."

"मग आता कलेक्टर व्हनार का? गुरांना पानी दाखव."

तिनं पाणी दाखवलं.

दोन महिन्यांनी तिच्या डोक्यात रक्त साकळलं. मुरबाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत वाचा गेली होती. माझ्याकडं बघत होती, काहीतरी सांगायचं होतं. मला कळलं नाही. दोन दिवसांनी गेली.

तेराव्याला शेजारची यमुना पानं वाढता वाढता रडायला लागली. "वयनीला मराठीत एकोनऐंशी पडलेले. आळीभर सांगत फिरत होती."

मी म्हणालो, "मला नाय सांगितलं."

यमुनानं डोळे पुसले. म्हणाली, "तुमी इचारलं होतं?"