लातूरचं समदं खुशाल हाय

मोठ्या अक्का एकही कागद हातात न घेता आमच्या अख्ख्या कुटुंबाचं वर्ष सांगायच्या. कुणाच्या घरी कोण आलं, कोण गेलं, कुणाची बदली कुठे झाली, कुणी घराला कोणता रंग दिला आणि तो शेजाऱ्यांना का खुपला, हे सगळं तास-दीड तास चालायचं. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललेलं असे तीच माणसं जणू पहिल्यांदाच ऐकतोय अशी तोंड उघडं टाकून बसायची. मी त्यांची धाकटी जाऊ. एम. ए. झालेली, लातूरच्या एका शाळेत मराठी शिकवणारी. अक्का सातवी पास. त्या बोलायला लागल्या की माझ्या पोटात जे दुखायला लागायचं ते जेवणामुळे नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमचं मूळ घर भोकरजवळच्या एका गावात. आम्ही बौद्ध, त्यामुळे दिवाळी आमच्याकडे नाही. पण दिवाळीची सुट्टी आहे, आणि नोकरीवाल्या माणसांना एकत्र जमायला तेवढीच सापडते. सण ज्यांचा त्यांना असू द्या, सुट्टी सरकारची आहे, असं सासरे म्हणायचे. तेव्हापासून सुट्टीतल्या पहिल्या रविवारी सगळे गावी. सकाळी वंदना, दुपारी मटण-भाकरी, आणि जेवणं आटोपली की अंगणातल्या लिंबाखाली सतरंज्या पडायच्या. मग 'साल सांगणं' व्हायचं. ते सुरू केलं सासऱ्यांनी. ते गेल्यावर काम आलं थोरल्या भावजींकडे, पण भावजींनी दोन वाक्यांत वर्ष उरकलं आणि चहा मागितला. पुढच्या वर्षी अक्का शेंगांचं सूप मांडीवर घेऊन मध्ये येऊन बसल्या, त्या कायमच्या. हातात काम नसलं की त्यांना बोलता येत नसे.

त्यांच्या सांगण्यात लहान बातमी आणि मोठी बातमी असा भेदच नव्हता. नांदेडच्या वन्संचा मुलगा तलाठी झाला त्या वर्षी त्याला जितका वेळ मिळाला तितकाच शेळीच्या तीन करडांना मिळाला. वर अक्का म्हणाल्या, "पोरगा तलाठी झाला, लई चांगलं झालं. आता सात-बारा आनायला घरच्याच पोराच्या हापिसाला चार चकरा मारायच्या." तो तलाठीही हसला. सासूबाई गेल्या त्या वर्षी मात्र शेंग फोडायच्या आधीच त्यांनी बजावलं होतं, "रडायचं असंल तर आत्ताच रडून घ्या. मंग चहा हाय." आणि खरंच, सगळ्यांनी रडून घेतलं आणि मग चहा घेतला.

आमच्या घराची पाळी आली की अक्का म्हणायच्या, "लातूरचं समदं खुशाल हाय." संपलं. एक शेंग फुटायची, दाणे सुपात पडायचे, आणि त्या पुढच्या घराकडे वळायच्या. वर्षानुवर्षं मी त्या एका वाक्याची धनीण होते. सम्यक, माझा मुलगा, दहावीला शाळेत पहिला आला तेव्हा मी लातूरहून पेढे घेऊन गेले, नवी साडी नेसून पुढच्या सतरंजीवर बसले. पेढे सगळ्यांनी खाल्ले. आमची पाळी आली. "लातूरचं समदं खुशाल हाय. सम्यक पास झाला." पास झाला! परतीच्या एसटीत मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. ते म्हणाले, "तू सांगितलं होतंस का अक्काला, की पहिला आला?" मी म्हटलं, सांगायला कशाला हवं, पेढे कशाचे ते कळत नाही का? त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

एवढ्यानेच जळत होते असंही नाही. आमच्या ह्यांची लातूरची बदली पक्की झाली हे मला आधी अक्कांकडून कळलं. सम्यकला चष्मा लागणार हेही त्यांनाच आधी माहीत. फळ्यावरचं दिसत नाही असं त्याने त्यांना सुट्टीत सांगितलं होतं आणि मी त्याच्याच शाळेत शिकवत होते. घरातल्या प्रत्येक माणसाच्या पोटातलं त्या बाईकडे जमा होतं. का, तर ते मला कळायचं नाही. दिसायला साध्या, बोलणं गावाकडचं, दोन वाक्यांमागे एकदा 'लई बेजार झाले बाई'. मी मात्र पुस्तकं वाचलेली, प्रसंग बघून बोलणारी. माझ्याकडे कुणी येत नसे. शेवटी मीही एक वही केली आणि वर्षभरातलं सगळ्यांचं त्यात टिपून ठेवायला लागले. एक दिवस माझीही पाळी येईल असं मला वाटत होतं.

सुट्टीच्या आठवडाभर आधी अक्कांचा फोन यायचा. नेमका दुपारी, सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा समोर असताना. आधी त्यांचंच पुराण. गुडघा धरला, भावजींनी न विचारता गोऱ्हा विकला म्हणून दोन दिवस अबोला, शेजारणीला उगीच टाकून बोलले आणि मग भाकरी गोड लागली नाही. मी फोन स्पीकरवर टाकून चुकांखाली लाल रेघा मारत 'हं, हं' करायची. शेवटी त्या विचारायच्या, "मंग सुजाता, तुमचं काय सांगू आन् काय नको?" ही त्यांची बोलायची लकब असेल असं मी धरून चालले होते. मी म्हणायची, "काही विशेष नाही, अक्का." त्या जरा थांबायच्या. "पेपर तपासून राहिलीस ना? बरं, तपास."

तीन वर्षांपूर्वी माझी पाळी आली. अक्कांचा घसा असा बसला की सकाळच्या वंदनेलाही आवाज फुटेना. जेवणं झाली, सतरंज्या पडल्या, सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी म्हटलं, मी सांगते. मला कुणी सांग म्हटलं नव्हतं. वही पर्समध्येच होती.

मी चांगलं सांगितलं. आजही मला ते चांगलंच वाटतं. भाषा स्वच्छ, प्रत्येक घराला सारखा वेळ, लातूरला थोडा जास्त. लोक शेवटच्या तासाला बसलेल्या वर्गासारखे शांत ऐकत होते. मग मी प्रेरणाकडे आले. प्रेरणा अक्कांची मुलगी, नांदेडला एका दवाखान्यात नर्स. त्या उन्हाळ्यात बिलोलीकडच्या लोकांशी ठरलेली तिची सोयरीक त्यांनी मोडली होती. मी म्हटलं, "प्रेरणाची सोयरीक मोडली, पण आपली प्रेरणा मोडली नाही." हे वाक्य मी वहीत दोनदा खोडून सुधारलं होतं. मी टाळ्यांची वाट बघत थांबले. प्रेरणा उठली, भांडी राहिलीत म्हणाली आणि आत गेली. पातेली घासल्याचा आवाज कितीतरी वेळ बाहेर येत राहिला.

अक्कांनी मला जवळ बोलावलं. घशातून नुसता वारा येत होता. "तिला इचारलं होतंस?"

मी म्हटलं, सगळ्यांना माहीतच आहे की.

"माहीत हाय. पन चारचौघात कामून? मी आई हाय तिची, तरी फोन लावून इचारलं. नको म्हनली. दरसाली समद्यांला इचारते, काय सांगू, काय नको. तुला न्हाई का इचारत?"

विचारत होत्या. वीस वर्षं विचारत होत्या, आणि मी लाल रेघा मारत होते. सम्यक पहिला आला त्या वर्षीही विचारलं होतं. 'निकाल लागला, ठीक आहे' असं मीच म्हटलं होतं. मोठेपणा आपल्या तोंडाने कशाला सांगायचा, तो त्यांच्या तोंडून यावा अशी माझी हौस. आणि त्याच्याही आधीचं एक वर्ष मला तिथे सतरंजीवर बसल्या बसल्या आठवलं. सम्यक चार वर्षांचा होता. मला पुन्हा दिवस गेले होते, चौथा महिना लागला होता. गावी 'साल सांगणं' होईल तेव्हाच सगळ्यांना सांगू, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. पंधरा दिवस आधी ते गेलं. अक्कांचा नेहमीचा फोन आला तेव्हा मी रडले आणि म्हटलं, "हे नका सांगू, अक्का. कुणालाच नको." त्या म्हणाल्या, "न्हाई सांगत, बाई." त्या रविवारी लिंबाखाली त्यांनी तेच वाक्य म्हटलं, लातूरचं समदं खुशाल हाय. फक्त त्यावेळी शेंग हातात तशीच राहिली होती. आणि मी काय केलं, तर मनातल्या मनात त्यांच्यावर चिडले. माझ्या दुःखालाही या बाईकडे दोन शब्द नाहीत म्हणून चिडले. त्यांचं तोंड मीच बंद केलं होतं, हे मी इतक्या लवकर कशी विसरले ते मला आजही सांगता येत नाही.

यानंतर तरी मी सुधारायला हवं होतं. पुढच्या वर्षी फोन आला, आधी गुडघा झाला, मग तोच प्रश्न. मला इतकी लाज वाटत होती की तोंडातून पुन्हा तेच गेलं, काही विशेष नाही. त्या नेहमीपेक्षा जरा जास्त थांबल्या. मग बरं म्हणाल्या.

या वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात अक्का गेल्या. सकाळी छातीत कळ आली, नांदेडच्या रस्त्यावरच संपलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अंगण पुरलं नाही. एकेक माणूस उठून बोलत होता आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं, माझं फक्त अक्काला माहीत होतं. तलाठी झालेला तो वन्संचा मुलगा रडत म्हणाला की तलाठ्याच्या परीक्षेत आधी तीनदा नापास झालो होतो, घरी खोटं सांगितलं, खरं एकट्या मामीला माहीत होतं. मी पांढऱ्या साडीत पुढेच बसले होते आणि जळत होते. गेलेल्या बाईचा हेवा करणारी त्या अंगणात मी एकटीच असेन. माणसं गेल्यावर तरी हेवा सुटतो असं मला वाटायचं.

उठताना भावजी म्हणाले, "औंदाचं साल सुजाता सांगंल." कुणी नको म्हटलं नाही. प्रेरणाने मान वर केली नाही. ज्याची वीस वर्षं वाट बघितली ते असं हातात आलं, आणि मला ते तिथेच खाली ठेवून पळून जावंसं वाटलं.

सुट्टीच्या आठवडाभर आधी मी पेपर बाजूला ठेवले आणि फोन करायला बसले. आधी वन्सं. मी विचारलं, "तुमचं काय सांगू आणि काय नको?" वन्सं म्हणाल्या, काही विशेष नाही गं. त्यांचा तलाठी म्हणाला, रुटीन चालू हाय, मामी. भावजी म्हणाले, माझं आता काय असतंय. सम्यक वसतिगृहातून म्हणाला, काही नाही गं मम्मी, जेवायला जातोय. समोर बसलेल्या नवऱ्याला विचारलं तर ते म्हणाले, तुला माहीतच आहे. वहीत प्रत्येक घरासमोर एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीत सगळं खुशाल. जे वाक्य मला अक्कांकडून मिळतं म्हणून मी जळत आले तेच आता सगळे मला देत होते.

शेवटचा फोन प्रेरणाला. तीन वर्षांत मी तिला 'माझं चुकलं' म्हटलं नव्हतं. ते आधी म्हटलं. ती म्हणाली, जाऊ द्या काकू. मग मी तिला विचारून टाकलं की तुझ्या आईला लोक सगळं सांगायचे, मला का नाही? हे विचारताना माझा आवाज भांडल्यासारखा झाला असणार.

प्रेरणा म्हणाली, "आई कुठं इचारत होती काकू? इचारायची ते एकदम शेवटी. आधी स्वतःचंच सांगत बसायची. जे कुनालाच सांगितलं न्हाई ते. मंग आपल्यालाच गप बसायची लाज वाटायची."

गुडघा. गोऱ्ह्यावरून अबोला. शेजारणीला बोललेलं, आणि गोड न लागलेली भाकरी. वीस वर्षं ती बाई दरसाली त्या एका दुपारी माझ्यासमोर आपलं पोट उघडं करून ठेवत होती, आणि मी तिला स्पीकरवर टाकून शुद्धलेखन तपासत होते. मला तेव्हाही, खरं सांगते, आधी वाईट वाटलं नाही. आधी हेवाच वाटला. इतकं सोपं होतं, आणि ते त्या बाईला जमत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वन्संना पुन्हा फोन लावला. त्या स्वयंपाकघरात होत्या, मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं कालच सांगितलं की, काही विशेष नाही म्हणून."

मी म्हटलं, "तुमचं नाही, वन्सं. माझं एक सांगायचं राहिलंय. सम्यक चार वर्षांचा होता तेव्हाचं."

आणि सांगितलं. चौथा महिना, लातूरचा दवाखाना, अक्कांचा फोन, सगळं. पलीकडून काहीच येईना. मला वाटलं फोन कट झाला, की त्यांना ऐकूच आलं नाही. कुकर मात्र वाजतच होता.

मग वन्सं म्हणाल्या, "थांब जरा. गॅस बंद करून येते."