चार नंबरचं मशीन

२८ ऑक्टोबर. काम: चार नंबरचं मशीन पुन्हा उघडणे.

डहाणू रोडला माझा कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास आहे. मशीन सगळी जुनी, आणि मीही आता त्यांच्यातलीच वाटते. चार नंबरचं मशीन दसऱ्यानंतर मध्येच बंद पडायला लागलं आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ते प्रकरण वाढलं. टाइप करता करता पडदा काळा. कधी ते तसंच पडून राहायचं, कधी आपोआप चालू व्हायचं, आणि केलेला उतारा गेलेला असायचा.

मी प्लग बदलला. एक्स्टेन्शन बोर्ड बदलला. यूपीएस दुसऱ्या मशीनचा लावून पाहिला. मग तलासरीच्या गुजराती दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"बेन, रॅम काढा, खोडरबरने घासा, परत बसवा."

घासली. एक दिवस बरं चाललं.

"मग विंडोज नवीन टाकावी लागेल, बेन."

तीही टाकली. काल पुन्हा फोन केला तर म्हणाला, "आता त्याची उमर झाली ने."

"माझीही झाली आहे. मी बंद पडते का?"

"तुम्ही बंद पडलात तर मला फोन कोण करणार, बेन?"

मला हसायचंही त्राण नव्हतं.

त्या मशीनवर बसणारी बाई गंजाडहून येते. तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात संध्याकाळच्या पाळीला रोजंदारीवर आहे. मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली तर तिला कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करता येईल. नाहीतर आहेतच डाळ-भाताची पातेली. सकाळच्या जीपने येते आणि परतीची जीप लागेपर्यंत सलग टाइप करते. चार नंबर खिडकीजवळ आहे, तिथून खाली उभी राहिलेली जीप दिसते, म्हणून तिला तोच हवा असतो.

आज सकाळी उतारा संपायला दोन ओळी उरल्या असताना मशीन गेलं. तिने कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

"मॅडम, बाकी कोनाला नाय, मलाच कसं बंद पडतं?"

"योगायोग."

"सासू बोलते, तुझा हातच तसा. शिलाईचं मशीनपन माझ्याच हातून मोडलं होतं."

"तुझी सासू मेकॅनिक आहे का?"

"नाय. पन तिचं खरं झालं."

मी तिला दोन नंबरवर बसायला सांगितलं. ती उठलीच नाही. म्हणाली, "तेपन बिघडवू?" मग पिशवी खांद्याला लावली. "उद्या क्लासचं पुस्तक परत द्यायला येते. माझं नाव परीक्षेतून काढा."

समजूत घालणं मला जमत नाही. मी फक्त "बघू" म्हटलं. पण ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या हातून ते मशीन बंद पडलेलं मीही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळची बॅच गेल्यावर मी कॅबिनेट टेबलावर आडवं केलं. वायर काढून ठेवली, चहा प्यायले, मग स्क्रू काढले. आतापर्यंत मी रॅम पाहिली होती, प्रोसेसरचा पंखा पुसला होता. पॉवर सप्लायचा डबा तेवढा राहिला होता, कारण शॉक बसेल म्हणून त्याला हात लावू नका असं दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं. तो डबा न उघडता मी नुसता बाहेर काढला आणि उलटा केला.

आत खडखडलं. मग टेबलावर तूस पडलं. भाताचं तूस, दोन-चार अख्खे दाणे आणि उंदराच्या लेंड्या. जाळीतून पाहिलं तर पंख्याच्या पात्यांत लोंबीची काडी आडवी अडकलेली. ती मी चिमट्याने ओढून काढली. बोट लावलं तसा पंखा फिरला.

दसऱ्याला आम्ही सगळ्या मशीनना हळद-कुंकू वाहतो, झेंडूची माळ घालतो. यंदा त्या बाईने घरच्या नव्या भाताच्या लोंब्या आणल्या होत्या आणि आपल्या मशीनवर जुडी बांधली होती. झेंडू सुकल्यावर मी टाकून दिला. नवं भात कोण टाकतं? जुडी राहिली. कॅबिनेटच्या मागची एक पट्टी कधीची निखळून पडली आहे, त्या फटीतून उंदीर लोंब्या आत ओढायला लागला आणि दिवाळीची सगळी सुट्टी तिथेच बसून खात राहिला. पंखा अडकला की डबा तापायचा आणि मशीन बंद पडायचं. बाकीच्या मुली अर्धा तास बसून उठतात, तेवढ्यात डबा तापत नाही. ही उठतच नाही.

२९ ऑक्टोबर. आज सकाळी मी सरावलीच्या घरून रोजच्यापेक्षा लवकर निघाले, शटर उघडलं आणि चार नंबरवर तिचाच उतारा टाइप करत बसले. बोटं दुखली. मधून मधून डब्याच्या मागे हात धरून पाहत होते, वारा येत होता. ती आली तेव्हाही मशीन चालूच होतं. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक होतं.

मी तिच्यापुढे तुसाची पुडी उघडली आणि सगळं सांगितलं. काडी कुठे होती ते दाखवलं, आणि ती सगळ्यांपेक्षा जास्त वेळ टाइप करते म्हणून तिच्याच हातून बंद पडायचं, हेही सांगितलं.

तिने पुडीतला एक दाणा उचलला. "म्हंजे उंदराने माझंच भात खाल्लं नि मलाच नडला?"

"हो. आणि तुझ्या सासूला सांग, हात ठीक आहे, उंदीर वाईट होता."

"तिला नाय सांगत. बोलेल, भात फुकट घालवलं." मग हसली, आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ हसत राहिली.

तिने पुस्तक पुढे केलं. मी घेतलं नाही. ते तिने स्वतःच उघडलं, खुर्ची पुढे ओढली आणि खिडकीतून एकदा जीप बघून घेतली. तिची उरलेली जुडी मी दारावरच्या खिळ्याला तारेने उंच बांधली आणि मागची फट बुजवायला पत्र्याची पट्टी आणायला खाली उतरले.