बेरजेतला हातचा

आमच्या जिन्यातल्या टायपिस्टबाईंना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी त्यांचं नाव तेच राहिलं. नोंदणी कचेरीत त्यांनी तेहतीस वर्षं खरेदीखतं टाइप केली. एक आकडा इकडचा तिकडे झाला की लोकांची कुंपणं सरकतात, म्हणून त्या प्रत्येक ओळ तीनदा वाचायच्या. आजही जिन्यात कुणी नोटीस लावली की बाई चष्मा लावून ती तपासतात, आणि पेन काढतात.

त्यांचे यजमान कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो. ते जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. सरांची मोठी बहीण दोन गल्ल्या सोडून राहते. बाई तिला वन्सं म्हणतात. ती रोज चारच्या चहाला येते आणि दिवे लागायच्या आत परत जाते.

सरांनी आयुष्यात पाच-सहा लेख लिहिले, पण नाव झालं ते एकाच लेखामुळे. काही भागात विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. त्याने दात आणि हाडं खराब होतात. सरांनी बारा घरांत भाजलेल्या मातीच्या खड्यांची पिंपं बसवली. पाणी त्यातून गाळलं की फ्लोराइड मातीत अडकतं. ही माती किती दिवस काम करते ते त्यांनी दीड वर्ष मोजलं. उत्तर आलं, सरासरी तीनशे त्रेचाळीस दिवस. म्हणजे माती अकरा महिन्यांनी बदलली की झालं. लेख बाईंनीच घरच्या टाइपरायटरवर टाइप केला होता. त्याला बावीस वर्षं झाली.

गेल्या वर्षी तो लेख छापलेल्या नियतकालिकाच्या संपादिकेचं पत्र आलं. कॉलेजाने ते घरच्या पत्त्यावर पाठवलं होतं. दूरच्या एका वस्तीत पिंपं बसवणाऱ्या एका इंजिनिअरने कळवलं होतं की सरांच्या आकड्यावर विसंबून माती ठेवली, तर ती नऊ महिन्यांच्या आतच निकामी होते. लेखात बारा घरांचे वेगवेगळे आकडे छापलेले नव्हते, फक्त बेरीज आणि सरासरी होती. संपादिकेने विचारलं होतं, ‘सरांची मूळ वही आपल्याकडे असेल का? टायपिंगची चूक असण्याची शक्यता आहे का?’

दुसऱ्या प्रश्नाने बाईंचे कान तापले. त्या तडक कपाटाशी गेल्या.

वही सापडली. सहा घरं एका पानावर, सहा दुसऱ्यावर. बाईंनी दोन्ही पानांची बेरीज स्वतः करून पाहिली. पहिल्या पानाची बेरीज चौदाशे ऐंशी, दुसऱ्याची सोळाशे चाळीस. दोन्ही बरोबर. खाली सरांनी त्या दोन आकड्यांची बेरीज केली होती, चार हजार एकशे वीस.

बाईंनी पुन्हा केली. तीन हजार एकशे वीस. बोटांवर केली. मग कॅल्क्युलेटर आणला. तीन हजार एकशे वीसच. हजाराच्या घरावर सरांनी पेन्सिलीने बारीक हातचा लिहिला होता. तिथे एक हवा होता, त्यांनी दोन लिहिला होता. बारा घरांनी भागलं की खरी सरासरी येते दोनशे साठ दिवस. साडेआठ महिने.

चारला वन्सं आल्या. बाईंनी वही पुढे केली. वन्संनी आधी तारीख पाहिली.

“हा आठवडा मला चांगला आठवतो. आईचं ऑपरेशन होतं. तो सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन हॉस्पिटलात पळत होता. कुठल्या तरी बाकावर बसून केली असेल बेरीज.”

“चूक ती चूकच ना, वन्सं.”

“त्यांनी काय विचारलंय? टायपिंगची चूक आहे का. मग हो म्हण की! तीनच्या जागी चार पडला. तुला आता कोण कामावरून काढणार आहे? तो बिचारा उत्तर द्यायला नाही.”

बाईंनी वही मिटून कपाटात ठेवली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरवर दहा बोटांनी चार ओळी बडवल्या. बेरीज तीन हजार एकशे वीस आहे, टाइप करताना माझ्या हातून चार पडला, क्षमस्व. तेहतीस वर्षांत ज्या बाईने हाताखालच्या मुलींना खाडाखोडसुद्धा करू दिली नाही, तिने न केलेली चूक सही करून पाठवली. मला नंतर सांगताना म्हणाल्या, “पाठवलं आणि इतकं हलकं वाटलं, की मला लाजच वाटली.”

तीन दिवसांनी संपादिकेचा फोन आला. आवाज तरुण होता आणि बोलणं अदबीचं.

“बाई, आपण कळवलंत त्याबद्दल आभार. फक्त एक अडचण आहे. बेरजेतला चार टायपिंगमध्ये पडला असेल, तर सरासरी दोनशे साठच छापली जायला हवी होती. ती तीनशे त्रेचाळीस आहे. आणि ती चार हजार एकशे वीसला बारांनी भागूनच येते.”

बाईंनी वही पुढ्यात ओढली.

“मी आपल्याला खोटं पाडत नाहीये,” ती घाईने म्हणाली. “वहीच्या पानाचा फोटो पाठवाल का? नसेल पाठवायचा तर तसं सांगा.”

“पाठवला नाही तर काय होईल?”

“मग ‘आकडे विश्वासार्ह नाहीत, कारण कळू शकलं नाही’ एवढंच छापता येईल. वाचणारा त्यातून काय वाटेल तो अर्थ काढेल.”

“आणि पाठवला तर नुसती दुरुस्ती छापाल का?”

“नाही. दुरुस्तीत एखादा आकडा बदलतो, लेख उभा राहतो. इथे आकडा बदलला की अकरा महिन्यांचा सल्लाच कोसळतो. लेख मागे घ्यावा लागेल. पण आम्ही तो पुसून टाकत नाही. तो तिथेच राहतो, वर ठळक लिहिलेलं असतं की मागे घेतला आहे, आणि का घेतला. ज्यांनी आधी वाचलाय त्यांनाही कळायला हवं ना. लोक त्यावर पिंपं बसवतात.”

बाईंना एकदम ती बारा घरं आठवली. सरांबरोबर त्या दोनदा गेल्या होत्या. एका घरातल्या मुलीचे पुढचे दात तपकिरी पडले होते, आणि ती हसताना ओठांवर हात धरायची.

“मी तुम्हाला खोटं लिहिलं,” बाई म्हणाल्या. “टाइप मी बरोबर केलं होतं. हातचा ह्यांचा चुकला.”

मग संपादिका म्हणाली, “माझ्या वडिलांचा लेख असता तर मीही कदाचित तेच लिहिलं असतं. ते पत्र मी फाइलमधून काढू शकत नाही, पण छापणारही नाही.”

फोटो गेला. पंधरा दिवसांनी नोटिशीचा मसुदा आला. घरच्यांची संमती लागतेच असं नाही, पण आधी दाखवावा अशी त्यांची रीत होती. त्यात लिहिलं होतं, ‘लेखकाने दिलेले आकडे चुकीचे असल्याने’. बाईंनी पेन काढलं. आकडे चुकीचे म्हणजे काय, मनाचे लिहिले? बारा घरांचे आकडे खरे होते, शेवटची बेरीज चुकली होती. तसंच लिहा. शिवाय मसुद्यात लेखाचं सालच एकाने चुकलं होतं. बाईंनी त्याला लाल गोल केला. संपादिकेने दोन्ही दुरुस्त्या मान्य केल्या. आईच्या ऑपरेशनचं लिहिता येईल का, असं बाईंनी भीत भीत विचारलं होतं. त्याला मात्र तिने नाही म्हटलं. वहीतले बाराही आकडे नोटिशीसोबत छापले, म्हणजे कुणालाही बेरीज करून पाहता येईल.

नोटीस आली तेव्हा वन्सं भडकल्या. “माझ्या भावाच्या नावावर शिक्का मारून घेतलास. कशासाठी?” त्यांनी चहाला येणं बंद केलं. पावणेदोन महिने चारच्या सुमाराला बाईंचं दार उघडं असायचं, आणि आत एकच कप दिसायचा.

त्या दिवसांत बाईंनी सरांच्या बाकीच्या सगळ्या वह्या काढल्या आणि एकेक बेरीज तपासली. मी एकदा विचारलं, सापडलं काही? म्हणाल्या, “अजून तरी नाही. सापडलं तर कळवीन.”

मग त्या इंजिनिअरचा फोन आला. बारा घरांचे आकडे हातात आल्यावर त्याने आपल्या वस्तीतले आकडे शेजारी मांडले होते, आणि दोन्ही जवळजवळ जुळत होते. आता तिथे माती आठव्या महिन्यालाच बदलतात. “सरांनी मोजलं होतं अगदी नीट, बाई,” तो म्हणाला. बाईंनी त्याला ते वाक्य परत म्हणायला लावलं आणि फोन लावून वन्संना जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वन्सं आल्या. चपला काढतानाच म्हणाल्या, “मला अजून पटलेलं नाही हं.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि आधण वाढवायला आत गेल्या.