मगरीवर बसलेले सर

पेशंटच्या पापणीच्या केसांवरून करंगळी हलकेच फिरवायची, मान तिरकी करून क्षणभर पाहायचं आणि दारातून डोकावणाऱ्या सर्जनला सांगायचं, ‘‘नॉट येट.’’ मग माझ्याकडे वळून मराठीत, ‘‘अजून आहे रे. थांब.’’

तुमच्यापैकी ज्यांनी कधी ऑपरेशनसाठी भूल घेतली असेल, त्यांना ही करंगळी आठवणार नाही. आठवली तर भूल देणारा चुकला असं समजायचं. पापणी फडफडली तर माणूस अजून जागा असतो. हलली नाही तर गेला, म्हणजे झोपेत गेला. सर ते इतक्या हळुवारपणे करायचे की बाळाच्या गालावरची माशी उडवताहेत असं वाटावं. वेल्समधल्या कार्डिफच्या आमच्या हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते आणि मी त्यांच्या हाताखालचा रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ भूलतज्ज्ञ. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे असलेल्या कुणालाही विचारा, त्याला सरांची करंगळी आठवणार नाही. आठवेल तो फोटो. आणि तो फोटो मी काढलेला आहे, हे मला सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

झालं असं की अमेरिकेत एक कॉन्फरन्स होती. सरांचा कॉलेजमधला मित्र लुइझियानात डॉक्टर होता. त्यानं कळवलं, ‘‘सप्टेंबरात ये. मगरींच्या शिकारीचा हंगाम असतो. आयुष्यभर लोकांना झोपवलंस, एकदा मर्दासारखी बंदूक धर.’’ सरांनी पत्र मला वाचून दाखवलं आणि शेवटच्या वाक्याला जरा थांबले. त्यांचा गणपती दीड दिवसाचा; मागच्या अंगणात बादलीत विसर्जन झालं आणि आम्ही निघालो. वहिनी दारात म्हणाल्या, ‘‘तुम्ही परत येईपर्यंत पितृपंधरवडा लागेल. या दिवसांत कसली शिकार?’’

‘‘अगं, बघायला चाललोय नुसतं.’’

‘‘आणि भावजी, तुम्ही कशाला?’’

मी कशाला, हे मलाही सांगता येईना. मला पालीची भीती वाटते. वेल्समध्ये पाली नाहीत, हे इथे नोकरी धरण्यामागचं माझं एक खासगी कारण होतं. पण सरांना ‘नाही’ म्हणणं मला कधी जमलं नाही. शिवाय मी नुकताच एक नवा कॅमेरा घेतला होता.

तिथल्या मगरीला अ‍ॅलिगेटर म्हणतात; आपल्या मगरीची रुंद जबड्याची चुलत बहीण. शिकारीची पद्धत साधी आणि भयंकर. आदल्या दिवशी दलदलीत बांबू रोवायचा, त्यावरून दोर सोडून मोठ्या गळाला कोंबडी लावायची. सकाळी जाऊन बघायचं. दोर सैल असला तर कुणी आलं नाही. ताठ असला तर खाली कुणीतरी वाट बघतंय.

आमचा दोर ताठ होता.

पत्र्याची सपाट बोट, तीत आम्ही दोघं आणि एक वाळकासा म्हातारा वाटाड्या. त्याचं पोटच या हंगामावर. कातडं विकायचं, मांस खायचं. तो दोर ओढू लागला तसं पाणी काळं झालं, मग फुगलं आणि बोटीला खालून कुणीतरी खांदा लावला. मी दोन्ही हातांनी बाक धरला आणि रामरक्षा सुरू केली. भीतीनं ती मधूनच सुरू झाली आणि मधेच संपली. डोकं वर आलं. म्हाताऱ्यानं बंदूक सरांच्या हातात दिली, डोक्यामागची रुपयाएवढी जागा बोटानं दाखवली आणि म्हणाला, ‘‘आता.’’

सरांनी डोळे मिटले आणि चाप ओढला.

मगर स्तब्ध झाली. म्हाताऱ्यानं ती बोटीमागे बांधून धक्क्याजवळच्या चिखलात आणली आणि तिच्या जबड्याला गुंडाळायला चिकटपट्टी काढली. इथे मी तोंड उघडलं. ‘‘फोटो होईपर्यंत नको ना! पट्टी लावली तर दाढदुखीची पेशंट दिसेल.’’ म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. तो स्वतः कधी फोटो काढत नसे. ‘‘फोटो तुमच्यासारख्यांना लागतात,’’ एवढंच म्हणाला आणि पट्टी खिशात ठेवली.

धक्क्यावर आणखी पाचसहा माणसं जमली होती. सर तिच्या पाठीवर बसले, बंदूक आडवी धरली. मी कळ दाबली. सर उतरले आणि, सवयच ती, खाली वाकून त्यांनी करंगळी तिच्या डोळ्यापाशी नेली. मला हसू आलं. त्यांनी बोट झटकन मागे घेतलं, तेही मला दिसलं. तेवढ्यात म्हातारा माझ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवून खो खो हसू लागला. भिंगावरचं झाकण मी काढलंच नव्हतं.

‘‘सर, प्लीज! एकदाच अजून बसा. एकच मिनिट.’’

सर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी धक्क्यावरच्या माणसांकडे पाहिलं. आणि बसले.

मी कॅमेऱ्याला डोळा लावला, ‘‘हसा सर!’’ म्हटलं आणि त्याच क्षणी त्यांच्याखालचं ते धूड श्वास घेऊन फुगलं. मी मुद्दाम नाही, दचकून कळ दाबली. शेपटीचा तडाखा बसून धक्क्यावरचा बर्फाचा डबा माझ्या कानाजवळून गेला. जबडा वळला. म्हाताऱ्यानं सरांना कॉलर धरून चिखलात फेकलं आणि दुसरी गोळी घातली. या सगळ्यात मी कुठे होतो, असं विचाराल तर मी बोटीखाली होतो. बोट पालथी नव्हती, तरीही.

संध्याकाळी सरांच्या मित्राकडे त्याच मांसाचे तळलेले तुकडे होते. मी दोनदा मागून घेतले. सरांनी ताटाला हात लावला नाही.

कार्डिफला येऊन फोटो धुऊन आणला आणि मी थक्क झालो. इतका सुरेख फोटो मी आयुष्यात दुसरा काढला नाही. मागे हिरवं पाणी, खाली दहा फुटांची मगर आणि वर सगळे दात दाखवून हसणारे सर. ते हसू नव्हतं हे कार्डिफमध्ये दोनच माणसांना माहीत होतं, आणि बाकीचे साक्षीदार दलदलीत राहत होते. खरं सांगायचं तर मला त्या मगरीची कीवही येत होती आणि फोटोचा गर्वही वाटत होता. कीव घरी ठेवली. फोटो मोठा करून, चौकटीत बसवून, डिपार्टमेंटच्या ख्रिसमस पार्टीत सरांना भेट दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्जन ओरडला, ‘‘अ हंटर अमंग अस!’’ आणि तो फोटो थिएटरशेजारच्या कॉफी रूममध्ये लागला. सर सगळ्यांना ‘थँक यू, थँक यू’ म्हणत होते. त्या दिवसापासून ते कॉफी घ्यायला त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागले.

महिन्याभरात माझ्या लक्षात यायला लागलं. करंगळी एकदा फिरायची ती तीनदा, चारदा फिरू लागली. पापणी दगडासारखी स्थिर असली तरी ‘नॉट येट’. सर्जन घड्याळ दाखवायचे. आणि दुपारनंतर सर वॉर्डांत फिरायचे. सकाळी ऑपरेशन झालेल्या एकेका पेशंटच्या खाटेशी वाकून हलक्या आवाजात विचारायचे, ‘‘मधे काही ऐकू आलं का? काही जाणवलं? सांगता येत नव्हतं, असं काही?’’ पित्ताशय काढलेल्या एक आजीबाई इतक्या घाबरल्या की त्यांनी रात्रभर दिवा मालवू दिला नाही; शेवटी तक्रारच गेली.

भूल देणाऱ्या माणसाला एकच भूत माहीत असतं. औषधानं अंग लुळं पडलंय, बोटही हलवता येत नाही, आणि आत माणूस जागा आहे. हे भूत आम्ही कुणीच तोंडाने बोलत नाही. सर दर दुपारी त्याची चौकशी करत फिरत होते.

वहिनींनी फोन केला. ‘‘भावजी, तिकडे काय झालं होतं? आल्यापासून हे धड झोपलेले नाहीत. नुसते बसून असतात.’’

मी म्हटलं, ‘‘हवा बदललीय ना, वहिनी.’’

मग विभागप्रमुखानं मला बोलावलं. तो भला माणूस होता, म्हणून जास्त भीती वाटली. ‘‘रोज त्याच्याबरोबर तू असतोस,’’ तो म्हणाला. ‘‘तूच सांग. त्याला थिएटरमध्ये राहू द्यावं, की बाहेर काढून क्लिनिकमध्ये बसवावं?’’ सरांची वीस वर्षं माझ्या जिभेवर येऊन बसली होती. मी नेहमीप्रमाणे शौर्य दाखवलं. म्हटलं, ‘‘सोमवारी सांगतो.’’

रविवारी सकाळी माझ्या पोटात कळ आली. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे उतरली. डॉक्टर असल्यामुळे मी ती गॅस समजून दुपारपर्यंत ओवा खात बसलो. मग अँब्युलन्स. अपेंडिक्स, लगेच कापायचं. आणि ड्यूटीवर कोण? सर.

भूल देण्याच्या खोलीत मी आडवा झालो. आयुष्यात पहिल्यांदाच त्या छताकडे बघत होतो. छताला एक तडा होता. सर डोक्याशी येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा मला उलटा दिसत होता. सुई भरताना त्यांनी औषधाचं नाव तीनदा मोठ्यानं वाचलं. माझे दात वाजत होते, त्यामुळे एकदाही नीट ऐकू आलं नाही.

‘‘अरे,’’ सर म्हणाले, ‘‘दुसऱ्या कुणाला बोलवू का? अर्ध्या तासात येईल. मला राग नाही येणार.’’

‘हो’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, खोटं कशाला बोलू! पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. ‘‘सर, ती जिवंत होती, हे तुम्हाला आधीच कळलं होतं ना? पहिल्या फोटोनंतर?’’

सुई थांबली. ‘‘हो. डोळ्यावर पातळ पडदा असतो तिच्या. तो आडवा सरकला.’’

‘‘मग परत का बसलात? मी म्हटलं म्हणून?’’

‘‘छे रे. तुझं कोण ऐकतंय!’’ त्यांनी सुईतला बुडबुडा टिचकी मारून वर काढला. ‘‘लोक बघत होते. आणि मला तो फोटो हवा होता. आत जीव आहे हे कळूनही मी वर बसलो, एका फोटोसाठी. तेव्हापासून वाटतं, करंगळी सांगते आणि मी ऐकत नाही.’’

‘‘फोटो मलाही हवा होता, सर. पट्टी मीच लावू दिली नाही.’’

‘‘ते खरंय. तू गाढव आहेस.’’

‘‘आणि झाकण.’’

‘‘महागाढव.’’ त्यांचा उलटा चेहरा किंचित हलला. हसले की काय, ते उलट्या बाजूनं सांगणं कठीण.

माझ्या पोटात आग पेटली होती. भीती तर अशी की तो बर्फाचा डबा परत कानाजवळून गेला असता तरी चाललं असतं. मी म्हटलं, ‘‘तुम्हीच द्या, सर. सर्जनला थांबायचं तर थांबू दे. दहा वेळा बघा. पण तुम्हीच.’’

दारातून सर्जनचं डोकं आत आलं. सर त्याच्याकडे न बघता म्हणाले, ‘‘नॉट येट,’’ आणि माझ्या हातातून काहीतरी थंड वर चढू लागलं. छतावरचा तडा पुसट झाला.

जाग आली तेव्हा घशात वाळू होती आणि पोटावर कुणीतरी वीट ठेवली होती. खिडकीत रविवारचं उरलेलं ऊन. मी आत शोधून पाहिलं, भूल चढल्यापासून जाग येईपर्यंत काय होतं ते. काही नव्हतं. एक आवाज नाही, एक स्पर्श नाही. सोमवारचं उत्तर आयतं मिळालं होतं.

खाटेशेजारच्या खुर्चीत सर होते. थिएटरमधले हिरवे कपडे तसेच, पायांतले बूट गळून पडलेले, डोकं भिंतीला टेकलेलं आणि तोंड उघडं. घोरत होते, लयीत.

नर्स कुजबुजली, ‘‘तास झाला. तू उठलास की उठव म्हणालेत, काहीतरी विचारायचंय म्हणे. उठवू?’’

मला लघवीच्या बाटलीची इतकी निकड होती की डोळ्यांत पाणी आलं होतं. हे सांगायला तोंड उघडलं असतं, तर पोटावरच्या विटेमुळे किंकाळीच निघाली असती. मी मान हलवून ‘नको’ म्हटलं आणि ओठांवर बोट ठेवून, नजरेनंच बाटली मागितली. तिनं ती पांघरुणाखाली सरकवली. सर घोरत होते, आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून मी थेंबाथेंबानं, श्वास रोखून, अंगावरच्या घामासकट तो कार्यक्रम अर्धा तास चालवला.