अडतीसनंतर नवतीस

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. रबाळ्याला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. वस्तू मापाच्या गेजमध्ये बसली तर पास, नाही बसली तर रिजेक्ट, मधलं काही नसतं. कुणी असले अनुभव लिहिले की मी खाली हसणारा इमोजी टाकून पुढे जायचे. आज माझाच लिहितेय... हसा खुशाल.

संघमित्रा माझी भाची, भावाची मुलगी. कामोठ्याला आम्ही सगळे एकाच घरात राहतो. मित्रा सात वर्षांची आहे आणि तिला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. वाशीला एक संस्था अशा मुलांसाठी वॉर्ड चालवते, शाळा बुडू नये म्हणून रविवारीसुद्धा. सुई टोचताना तिथल्या सिस्टर मुलांना आकडे मोजायला लावतात. मित्रा मोठ्याने मोजते, घरीही मोजत बसते, पण तिचं एक ठरलेलं — अडतीस, नवतीस, चाळीस!

"एकोणचाळीस म्हण गं!" मी रोज ओरडायचे.

"आठ नि तीस अडतीस ना? मग नऊ नि तीस नवतीस. आत्या, तुझंच चुकतंय."

हिशेब तिचा बरोबर. पण परीक्षेत मार्क कोण देणार तिला! म्हणून मी हट्टाने सुधारायचे, ती हट्टाने चुकायची. दोघी एकाच माळेचे मणी.

सारखं रक्त चढवलं की अंगात लोह साठतं. ते काढायला एक छोटा पंप लागतो, आणि वॉर्डात मुलं जास्त, पंप कमी. मित्राचाही नंबर लागत नव्हता. मी संस्थेसाठी मॅरेथॉन धावायचं ठरवलं, तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "पूर्ण बेचाळीस किलोमीटर धावलात, तर वॉर्डला कंपनीकडून पंप. अर्ध्यावर सोडलंत, तर आमच्याकडून टाळ्या."

टाळ्यांनी लोह निघत नाही. वय चव्वेचाळीस, गुडघा कुरकुरणारा... तरी वर्षभर रोज पहाटे उठून धावले. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, "ताई, मागे कुत्रा लागलाय का?" म्हटलं, बोला तुम्ही.

मॅरेथॉनचा तो रविवार. नेमकी त्याच दिवशी मित्राची तारीख आली होती. मी पाम बीच रोडवर, ती वॉर्डात.

तीस किलोमीटरपर्यंत ठीक चाललं. मग ऊन चढलं. अडतीसची पाटी ओलांडली आणि उजव्या पोटरीत असा गोळा आला, की मी डिव्हायडरवर मटकन बसले. पुढेमागे कुणी नव्हतं, आम्ही शेवटचे रडतखडत येणारे. छातीवरचा नंबराचा कागद काढायला पहिली पिन सोडलीसुद्धा. रडले, खोटं कशाला सांगू. पंप गेला, एवढंच डोक्यात होतं.

तेव्हा ऐकू आलं. अगदी पाठीमागून, स्पष्ट.

"...सदतीस, अडतीस, नवतीस, चाळीस!" आणि परत एकपासून.

वळून पाहिलं. रस्ता, खाडीची झाडं, ऊन... कुणी नाही. उन्हाने डोकं फिरलं असणार, असं स्वतःला बजावलं. पण आवाज थांबेना, आणि आता तो पुढून येत होता. सुधारायला तोंड उघडलं, पण एकोणचाळीस म्हणण्याएवढा दम कुणाकडे होता! मी पिन परत लावली, उठले आणि त्या मोजण्यावर पाय टाकत निघाले. लंगडत, पण निघाले.

एकोणचाळीसच्या पाटीजवळ पाण्याचं टेबल होतं. तिथे जवळच्या गावातली एक आगरी काकू उभी होती. ग्लास देता देता ती माझ्या मागे वाकून बघायला लागली.

"तुजी पोर कुठं गेली गो?"

"कुठली पोर?"

"आता मोजत व्हती ना, तुज्या संगती? पन नवतीस काय असतं? शालेत शिकवत नाय का?"

मी ग्लास तसाच टेबलावर ठेवला. म्हटलं, "शिकवतात हो, ती ऐकत नाही." आणि धावत सुटले. उरलेलं अंतर कसं संपलं, देव जाणे. मेडल गळ्यात पडलं तेव्हा मी मोठ्याने मोजतच होते.

तशीच वॉर्डात गेले. वहिनी दारातच भेटली. "ताई, आज शीरच सापडत नव्हती. चाळीसपर्यंत मोजायची, परत एकपासून. किती वेळा, विचारू नका. पण रडली नाही."

मित्रा पलंगावर पडून होती, पिशवीतून रक्त हळूहळू चढत होतं. मी काही सांगायच्या आत तीच म्हणाली,

"आत्या, आज ओरडली नाहीस? मी इतक्यांदा नवतीस म्हणाले."

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती काकूही मला पुन्हा दिसली नाही. माझ्या कुठल्याच गेजमध्ये हे बसत नाही, आणि मला ते रिजेक्टही करता येत नाही.

पंप आला. मित्राचा नंबर लागला. तिमाही परीक्षेत तिचा एक मार्क गेला, बाईंनी लाल पेनाने एकोणचाळीस लिहून दिलं. मी खाली सही केली, पण तिला ओरडले नाही. मी पुढच्या मॅरेथॉनला नाव दिलंय, आणि सरावाला निघाले की माझ्याही तोंडून अडतीसनंतर नवतीसच येतं.