डी ड्राइव्हमधली जुनी गाणी

जुना कॉम्प्युटर उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं बंद कपाट उघडण्यासारखं आहे. आत काय ठेवलंय ते घरच्यांनाही आठवत नसतं, आणि बाहेर काही पडलं की सगळे माझ्याकडे बघतात. बोईसरला आमचं छोटं दुकान आहे, माझं आणि दिनेशचं. लोकांच्या घरातले दहा-बारा वर्षांचे डबे घ्यायचे, त्यात नवीन डिस्क, रॅम, ग्राफिक्स कार्ड टाकायचं आणि टीव्हीला जोडून द्यायचं. बापाला मालिका बघता येतात, पोराला गेम खेळता येतो आणि आमच्याकडे किस्से साचत जातात. दिनेश ते हसत हसत सांगतो. मला सांगताना अजून घाम फुटतो, कारण मी मुळातच भित्रा. स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की पहिला विचार येतो, आज काय जाणार?

*

सालवडचे रामसजीवनजी केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. पोराला गेम खेळायचा होता म्हणून कॅबिनेट घेऊन आले. मी झाकण काढलं आणि मागेच सरलो. रॅमचे सोनेरी पाय हिरवे पडलेले, बोर्डावर शेवाळ चढल्यासारखं. खोडरबरनं घासायला गेलो तर पायच तुटून हातात आला.

"केमिकलच्या हवेनं होतं हे इकडच्या," मी समजावलं. "मशीन खिडकीजवळ ठेवू नका."

रामसजीवनजींनी तो तुटलेला पाय उचलून बघितला. मग हळूच म्हणाले, "मशीन तो अंदर रहती है, भैया. खिड़की के पास तो मैं सोता हूँ."

त्यांना नवीन बोर्ड बसवून दिला. ते गेल्यावर मी उठून दुकानाची मागची खिडकी लावून घेतली. दिनेश म्हणाला, "पुढचं शटर दिवसभर उघडं असतं, त्याचं काय करणार आहेस?"

*

सफाळ्याला एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांचा कॉम्प्युटर दोन वर्षं माळ्यावर होता. तो टीव्हीला जोडून पाहिजे होता, म्हणून आम्ही घरीच गेलो. दिनेशनं कॅबिनेटची बाजू काढली आणि आतून सापाची कात निघाली. चांगली हातभर लांब, पंख्याला गुंडाळलेली.

दिनेश स्टुलावर चढला. मी दिनेशच्या मागे चढलो. गुरुजी मात्र शांत. "घाबरू नका. कातीवरून जात ओळखता येते. बिनविषारीच असणार. जरा माझा चष्मा द्या, बघून सांगतो."

"कुठाय चष्मा?"

"माळ्यावर."

चष्मा आणायला कुणी गेलं नाही. गुरुजींच्या पत्नींनी चहा केला, तो आम्ही स्टुलावरच घेतला. बाईंचं म्हणणं एकच होतं, "कात सापडली ते ठीक. ती घालणारा कुठाय, ते कुणीतरी बघा की!"

*

पालघरच्या बाजूला मध्ये भूकंपाचे छोटे धक्के बसायचे, तेव्हाची गोष्ट. एका पाटीलसाहेबांनी खास मोठा टीव्ही घेतला होता आणि आम्ही त्यांचा जुना पीसी त्याला जोडत होतो. तेवढ्यात जमीन हलली. मी पहिला बाहेर. मागून दिनेश, मग पाटीलवहिनी, पोरं, शेजारी, सगळे अंगणात. मोजून बघतो तर पाटील नाहीत. खिडकीतून डोकावलो तर ते टीव्हीला मिठी मारून उभे.

धक्का थांबला. वहिनी आत गेल्या. "चाळीस वर्षांत मला असं कधी धरलं नाय," एवढंच म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. पाटलांनी आम्हाला विचारलं, "भिंतीला अजून दोन बोल्ट मारता येतील का?"

*

बोईसरला लागूनच केमिकलच्या कंपन्या आहेत, त्यामुळे मोठा आवाज झाला की कुणी 'काय झालं' म्हणून विचारत बसत नाही. आधी गॅलरीत यायचं, धूर कुठल्या बाजूला आहे ते बघायचं, आणि आपला माणूस त्या बाजूला ड्युटीवर असला तर फोन लावायचा. नव्यानं राहायला आलेला माणूससुद्धा महिन्याभरात हे शिकतो.

तर अशा गावातल्या एका बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, ओंकार नावाच्या पोराच्या पीसीत आम्ही ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि टीव्हीला वूफर जोडला. टेस्टिंगला त्यानं लढाईचा गेम लावला. पहिलाच बॉम्ब असा फुटला की भांडी वाजली. बघतो तर समोरच्या सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या, सगळ्या बायकांच्या कानाला फोन. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी नवऱ्याला फोन लावला आणि रिंग त्यांच्याच बेडरूममध्ये वाजली. रात्रपाळी करून तो झोपला होता. वहिनी दारात उभ्या राहून दोन मिनिटं त्याच्याकडे बघत होत्या म्हणे, मग आम्हाला शिव्या द्यायला वर आल्या. त्यांचे डोळे बघून मी वूफर बंद केला.

पुढं दोन महिन्यांनी खरा आवाज झाला. सगळी बिल्डिंग ओरडली, "ए ओंकार, आवाज कमी कर!" ओंकार तेव्हा कॉलेजला गेला होता.

*

आता समुद्रकाठच्या मुरबे गावाचं सांगतो. हे दिनेशही हसत सांगत नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि कोळीवाड्यातली माणसं घरात. आमचा धंदा तेव्हाच. मुरब्याचा रोशन, पंचविशीचा, घरचा जुना पीसी घेऊन आला. टीव्हीला जोडायचा, गेम चालला पाहिजे. मी नवीन डिस्क टाकली. जुनी डिस्क पुसून गेम ठेवायला लावू, असं ठरलं. पुसण्याआधी मी तीनदा विचारतो, हा माझा नियमच आहे. रोशनला तीनदा विचारलं.

"डी ड्राइव्हमदी 'जुनी गाणी' म्हणून एक फोल्डर हाय, बाकी काय नाय. उडवून टाका. गाणी आता टीव्हीवर सगली हायत."

मी उडवून टाकलं. वर साठ जीबीचा गेमही चढवला.

ऑगस्ट लागायच्या आधी रोशनचे वडील दुकानात आले. यशवंतभाऊ. स्वतःच्या बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे तेच. बोटीवरच्या जीपीएसमध्ये पाणी गेलं होतं, नवीन घेतलं होतं. त्यात जुने पॉइंट भरायचे होते. कुठं मासा मिळतो, कुठं पाण्याखाली खडक आहे, सगळे अक्षांश-रेखांशाचे आकडे. खडकात जाळं अडकलं आणि त्याच वेळी लाट आली तर बोट आडवी होते. बोटीवर सात माणसं असतात. हे आकडे तांडेल दुसऱ्या बोटवाल्याला दाखवत नाही. पोरालाही, तो तांडेल होईपर्यंत नाही. म्हणून यशवंतभाऊंनी ते घरच्या कॉम्प्युटरवर लपवून ठेवले होते, 'जुनी गाणी' नावाच्या फोल्डरमध्ये.

मी ती जुनी डिस्क परत मागवली. तीन दिवस रिकव्हरी लावली. कुणाच्या तरी हळदीचे फोटो परत आले, अर्धं भजन आलं, आकडा एकही आला नाही. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. डोळे मिटले की ती सात माणसं दिसायची. चेहरे माहीत नव्हते तरी दिसायची.

यशवंतभाऊंना सांगितलं. वाटलं, आता कानाखाली बसणार. पण त्यांनी विचारलं, "पवता येतं?"

"नाही."

"चालंल. नारली पुनवेनंतर लॅपटॉप घेऊन ये. माज्या बाबांना खडकांच्या खुना म्हाईत हायत. ते सांगतील तसं लिवायचं."

"मीच का? रोशनला येतं की टाइप करायला."

"त्याला बोट धरायची हाय, आता त्योच तांडेल होनार. आनि गावातला दुसरा माणूस नको. तुला दाखवलं तरी तुला परत सापडायचं नाय."

गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? दिनेशनं माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाला, लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव. माझ्याबद्दल काही म्हणाला नाही. पौर्णिमा झाली तरी समुद्र उतरला नव्हता. किनारा सुटल्यावर दहा मिनिटांत मी दोनदा ओकलो. यशवंतभाऊंचे वडील, ऐंशीच्या पुढचे, नाळेजवळ, बोटीच्या पुढच्या टोकाला, पाय पसरून बसले होते. त्यांची नजर कमी झालेली, पण डोंगर दिसायचे. महालक्ष्मीचा सुळका कंपनीच्या अमुक चिमणीच्या डावीकडं आला की हात वर करायचे. "हितं. खडक. लिव." रोशन बोट हळू करायचा, जीपीएसच्या स्क्रीनवर आकडा यायचा, मी लिहायचो. लांबच्या पाण्यातले माशांचे पॉइंट गेले ते गेलेच, तिथून डोंगर दिसत नाहीत. पण खडक सगळे अलीकडं होते. दोन दिवसांत तीस झाले. प्रत्येक आकडा मी दोनदा वाचून दाखवायचो, तरी भीती जायची नाही. एक जरी चुकला तर?

दुसऱ्या दिवशी परतताना बाबांनी पुन्हा हात वर केला. खडक म्हणाले नाहीत, लिव म्हणाले नाहीत. रोशननं इंजिन बंद केलं. यशवंतभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. बाबांनी कमरेची पुडी सोडून झेंडूची फुलं पाण्यात टाकली. बोट नुसती हलत होती. मला वाटलं, हा मोठा खडक असणार. मी घाईनं स्क्रीनवरचा आकडा टाइप करायला घेतला.

यशवंतभाऊंनी लॅपटॉपवर हात ठेवला.

"ह्यो नको लिवू," ते म्हणाले. "ह्यो घरात सगल्यांना पाठ हाय."

मी रोशनकडं बघितलं. त्याची स्क्रीनकडं पाठ होती, आणि तो आकडा पुटपुटत होता, शेवटच्या दशांशापर्यंत बरोबर.