पत्रावळींना ऊन दाखवलं तेव्हा

दिराच्या मुंजीसाठी पत्रावळी घेऊन नेहमीची माळवी बाई आली. रानातून पळसाची पानं आणून ती घरी टाचायची. स्नेहलतागंजातल्या आमच्या गल्लीवरच तिचं घर चालायचं. द्रोण देताना त्यात पाणी ओतून डोळ्यांसमोर धरायची, गळत नाही ना ते पाहायला. नाव मी कधी विचारलं नाही.

"गीली बोरी में राखजो, बाईजी," ओल्या पोत्यातच ठेवा म्हणून ती बजावून गेली.

मी मॅट्रिक पास नवी सून! ओल्याने बुरशी येईल म्हणून सगळा गठ्ठा गच्चीवर उन्हात वाळवला. मुंजीच्या सकाळी पानं पापडासारखी मोडायला लागली.

सासूबाई कडाडल्या, "या बाईला पुन्हा गल्लीत कुणी काम देणार नाही!"

मी लबाड, खाली वाकून चुरा गोळा करू लागले.

निरोप धाडून बोलावलेल्या त्या माळवी बाईने एक पान चुरलं, माझ्याकडे पाहून हसली. "पान झाड से उतरा है बाईजी, उसकी प्यास थोड़ी उतरी है!" माझं नाव मात्र घेतलं नाही. पाणी शिंपडून, वर ओली पोती टाकून ती निवांत बसली. दुपारपर्यंत पानं मऊ पडली; पंगतीत कढीचा थेंब गळला नाही.

तेव्हा कुठे पानं मीच वाळवल्याचं कबूल केलं. सासूबाईंनी नणंदेच्या लग्नाचं काम तिथल्या तिथे तिला सांगितलं. उष्ट्या पत्रावळी गाईंनी संध्याकाळपर्यंत फस्त केल्या. माझी फजिती मात्र घरात अजून चवीने खातात.